हप्त्याने घेतलेले घर : मालक कोण आणि भाडेकरू कोण?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेसाठी कार्यवाहांनी आम्हांस विषय सुचविला होता 'परप्रांतातील मराठी माणूस'. विषय मोठा आहे, आणि त्यावर अधिकाराने बोलू शकतील अशी पुष्कळ मंडळी या सभागृहात आमच्यासमोर बसली आहेत. आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षे फायली पाहिलेले, बी.ए.पर्यंत शिकलेले एक सामान्य गृहस्थ. म्हणून त्या मोठ्या विषयाचा एक लहानसा कोपरा आम्ही निवडला आहे. परप्रांतात आलेला मराठी माणूस घर घेतो, किंमत एकदम देता येत नाही म्हणून मूळ मालकालाच हप्त्याहप्त्याने देतो, आणि मध्येच कोणी 'घर रिकामे करा' म्हणून दारात उभे राहते. अशा वेळी त्याच्या हाती काय असते, एवढेच आज सांगावयाचे आहे. हा प्रसंग आमच्यावर आलेला आहे. आम्ही वकील नव्हे. परंतु दुखणे भोगलेल्या माणसाला त्या दुखण्यापुरते थोडे वैद्यक कळू लागते, तसे आमचे झाले आहे.

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने ही म्हण केली त्याने हप्त्याने घर घेतले नसावे. नाहीतर त्याने या दोहोंच्या जोडीला तिसरी गोष्ट खचित घातली असती.

आपण गावाकडे असतो तेव्हा या व्यवहाराचे शब्द आपल्या कानावरून गेलेले असतात. आधी विसार, मग साठेखत, शेवटी खरेदीखत. वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी तलाठ्याकडे जाऊन सातबारा पाहून येतो, कोणी मामा किंवा मावसोबा दुय्यम निबंधकाच्या कचेरीतल्या कारकुनाला ओळखत असतो. परप्रांतात हे सारे आधार सुटतात. गुजरातेत साठेखताला बानाखत म्हणतात, बंगालात बायनानामा, आणि येथे दिल्लीत 'बयाना' दिला की पुढे 'ॲग्रीमेंट', 'मुख्तारनामा' आणि 'रजिस्ट्री'. शब्द कळत नाहीत असे नाही. पण त्या शब्दांमागे उभा राहणारा मामा येथे नसतो. त्याची जागा मग एखादा शेजारी, एखादा दलाल आणि पुष्कळसा विश्वास घेतो.

आमचे असेच झाले. २०१० सालच्या मार्च महिन्यात आम्ही एका वृद्ध पंजाबी गृहस्थांकडून दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यावयाचे ठरविले. आम्ही त्यांना बाऊजी म्हणत असू. किंमत ठरली २४ लाख रुपये. फ्लॅटची जमीन भाडेपट्ट्याची होती. ती मालकी हक्कात बदलून घेण्याचा त्यांचा अर्ज सरकारदरबारी पडून होता, म्हणून बँक कर्ज देईना. बाऊजींना दरमहा काही रक्कम हाती यावी असे वाटत होते, आणि आम्हांस एकदम पैसे देणे शक्य नव्हते. दोघांची गरज जुळली. गावाकडच्या घराचा आमचा हिस्सा भावाला देऊन आलेले पैसे आणि भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम मिळून आम्ही ९ लाख रुपये आरंभी दिले. उरलेले १५ लाख दरमहा २५ हजारांच्या ६० हप्त्यांनी द्यावयाचे, शेवटचा हप्ता पोचला की खरेदीखत करून द्यावयाचे, आणि ताबा मात्र लगेच, असा लेख मुद्रांकावर करून नोटरीपुढे सह्या झाल्या. गुढीपाडव्याला आम्ही त्या घराच्या गॅलरीत गुढी उभारली. सौभाग्यवतींच्या डोळ्यांत पाणी आले. पंधरा वर्षे सरकारी क्वार्टरांतून विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडलेल्या बाईचे ते पाणी होते.

लेख नोंदवावा, म्हणजे रजिस्टर करावा, असे एका स्नेह्यांनी सुचविले होते. दिल्लीत ताब्यासह केलेल्या साठेखतावर खरेदीखताच्या नव्वद टक्के मुद्रांकशुल्क पडते. तो आकडा ऐकून आम्ही मागे सरलो. हे शुल्क पुढे खरेदीखताच्या वेळी वजा मिळते, म्हणजे शेवटी भरावयाचेच पैसे थोडे आधी भरावयाचे, हे आम्हांस पुढे कळले. त्या दिवशी आम्ही आपण पैसे वाचविले अशा समाधानात घरी परतलो. श्रोतेहो, या कहाणीतला मुख्य अपराधी दुसरा कोणी नसून आम्हीच आहोत, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

चौतीस हप्ते सुरळीत गेले. २०१३ च्या जानेवारीत, ऐन कडाक्याच्या थंडीत, बाऊजी वारले. त्यांचे चिरंजीव दूर दुसऱ्या शहरात नोकरीला होते. वडिलांच्या व्यवहारांची त्यांना फारशी माहिती नव्हती. तेराव्यानंतर दोन आठवड्यांच्या आत आम्हांस वकिलाची नोटीस आली. तिचा आशय असा, की आपण आमच्या अशिलाच्या दिवंगत वडिलांचे दरमहा २५ हजार भाड्याचे भाडेकरू आहात. पंधरा दिवसांत जागा रिकामी करून द्यावी. तोवर आम्ही २४ लाखांपैकी साडेसतरा लाख रुपये देऊन चुकलो होतो.

येथे थोडा कायदा सांगणे भाग आहे. कंटाळवाणा वाटला तरी ऐकावा, कारण साऱ्या प्रश्नाची किल्ली यातच आहे.

हप्त्याने घर घेणारा मालक नसतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५४ वे कलम असे सांगते की शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या लेखानेच होते; आणि विक्रीचा नुसता करार झाल्याने त्या मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. आपण दारावर नावाची पाटी लावतो, संगमरवरी फरशी बसवितो, वास्तुशांत करतो. कायद्याच्या लेखी घर अजून दुसऱ्याचे असते.

पण तो भाडेकरूही नसतो. भाडेकरू दरमहा जे देतो ते राहण्याचा मोबदला म्हणून देतो. आपण जे देतो ते किमतीचा भाग म्हणून. हा भेद वरवर पाहता शब्दांचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्यावर सगळे घर उभे असते. भाडेकरू ठरलो तर काय होते पाहा. दिल्लीचा १९५८ चा भाडेनियंत्रण कायदा महिना साडेतीन हजारांहून अधिक भाड्याच्या जागांना लागू नाही. मग उरतो तो सामान्य कायदा, आणि त्याच्या १०६ व्या कलमाप्रमाणे महिन्याच्या बोलीने राहणाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. नोटिशीतले 'पंधरा दिवस' हे शब्द उगीच आलेले नव्हते. आम्ही एकदा भाडेकरू ठरलो असतो म्हणजे साडेसतरा लाख हे बाऊजींनी आमच्यावर केलेल्या उपकाराचे भाडे झाले असते.

मालक नाही आणि भाडेकरूही नाही, अशा मधल्या माणसासाठी कायद्याने एक ढाल केलेली आहे. तिचे नाव कलम ५३-अ. हे कलम १९२९ साली मूळ कायद्यात घालण्यात आले. त्याचा अर्थ साध्या मराठीत असा : विक्रीचा करार लेखी असावा, त्यावर विकणाऱ्याची सही असावी, त्या करारापोटी घेणाऱ्याला ताबा मिळालेला असावा, आणि घेणाऱ्याने आपला वाटा पुरा केलेला असावा किंवा करण्यास तो तयार असावा. या गोष्टी असतील तर खरेदीखत झाले नसले तरी विकणाऱ्याला, आणि त्याच्या मागून हक्क सांगणाऱ्या वारसांनाही, करारात स्पष्ट लिहिलेल्या हक्कांपलीकडे जाऊन त्याला घराबाहेर काढता येत नाही. जाणत्या मंडळींनी या कलमाला ढाल म्हटले आहे, तलवार म्हटलेले नाही. तिच्या जोरावर आपण मालकी मागू शकत नाही; परंतु आपल्यावर वार झाला तर तो अडवू शकतो.

ही ढाल किती टिकाऊ आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली एका प्रकरणात सांगितले. ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातले होते, आणि दोन्ही पक्ष सूर्यवंशी आडनावाचे. करार पुरा करून मागण्याचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. ती मुदत टळून गेली म्हणून ताब्यात असलेल्याची ढालही जाते काय, असा प्रश्न होता. न्यायालयाने उत्तर दिले की नाही, जात नाही. दावा लावण्याची मुदत संपली तरी कलमाच्या अटी पुऱ्या करणारा माणूस आपल्या ताब्याचा बचाव करू शकतो.

परंतु आमच्या दुर्दैवाने, किंबहुना आमच्या काटकसरीने, या ढालीला एक नवी अट पडलेली होती. २४ सप्टेंबर २००१ पासून कायदा बदलला. त्या दिवसानंतर झालेला करार नोंदलेला नसेल तर ५३-अ कलमापुरता तो निरुपयोगी ठरतो. आमचा लेख २०१० चा, नोटरीच्या शिक्क्याचा, लाल फितीत बांधलेला, दिसावयास मोठा भारदस्त. पण ढाल म्हणून कागदाची. वकीलसाहेबांनी तो उलटसुलट पाहून मेजावर ठेवला आणि शांतपणे विचारले, "रजिस्टर क्यों नहीं कराया?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही.

ढाल गेली म्हणजे सर्व गेले असे मात्र नव्हे, हे दुसऱ्या भेटीत कळले. उरलेले आधार तीन.

पहिला आधार असा, की नोटीस म्हणजे हुकूम नव्हे. घरात राहणाऱ्याला कोणालाही, तो भाडेकरू असो की आमच्यासारखा मधला, विकणाऱ्याने स्वतःच्या हाताने बाहेर काढावयाचे नसते. कुलूप बदलणे, सामान रस्त्यावर ठेवणे, वीज तोडविणे, चार धटिंगण दारात बसविणे यांपैकी काहीही त्याला करता येत नाही. त्याने दिवाणी न्यायालयात जावे, तेथे हुकूमनामा मिळवावा, आणि न्यायालयाच्या बेलिफाकरवी ताबा घ्यावा. कोणी जबरीने काढलेच तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचे सहावे कलम आहे. काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर मालकी कोणाची या वादात न शिरता न्यायालय आधी ताबा परत देवविते. सहा महिने हा आकडा ध्यानात असू द्यावा. पुष्कळ भली माणसे तडजोडीच्या आशेवर ही मुदत घालवून बसतात.

दुसरा आधार म्हणजे करार पुरा करून मागण्याचा हक्क. लेख न नोंदल्यामुळे ढाल गेली, तरी विक्रीचा करार झाला होता याचा पुरावा म्हणून तो लेख अशा दाव्यात चालतो; नोंदणी कायद्याच्या ४९ व्या कलमातच तशी सवलत आहे. पण येथे एक मोठी अट आहे. घेणारा आरंभापासून शेवटपर्यंत आपला वाटा पुरा करण्यास तयार आणि इच्छुक होता, हे त्याने सिद्ध केले पाहिजे. हप्ते थकविणाऱ्याची बाजू येथे लंगडी पडते. स्थावराच्या व्यवहारात मुदत हाच कराराचा प्राण असे न्यायालये सहसा मानीत नाहीत, त्यामुळे एखादा हप्ता दहा दिवस उशिरा गेला म्हणून आभाळ कोसळत नाही; परंतु हप्ता चुकल्यास करार रद्द होईल असे लेखात स्पष्ट असेल, किंवा महिनोन् महिने पैसे दिलेलेच नसतील, तर न्यायालयही पाठीशी राहत नाही. राहण्याचा हक्क हा देण्याच्या तयारीला बांधलेला आहे. विकणाऱ्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटले असते.

तिसरा आधार पैशांचा. समजा, घर द्यावेच लागले, तर दिलेले पैसे बुडतात काय? बहुतेक लेखांत एक वाक्य हमखास असते, की घेणाऱ्याने अट मोडल्यास दिलेली सर्व रक्कम जप्त होईल. ते वाचून माणूस हाय खातो. या बाबतीत दिल्लीतलेच एक जुने प्रकरण सांगण्यासारखे आहे. करोलबागेतील एका इमारतीचा करार २१ मार्च १९४९ रोजी झाला. किंमत १,१२,५०० रुपये. घेणाऱ्याने एक हजार रुपये विसार म्हणून आणि पुढे २४ हजार रुपये देऊन ताबा घेतला. मुदतीत खरेदीखत झाले नाही तर सगळे २५ हजार जप्त, असा लेख होता. व्यवहार फिसकटला. फतेहचंद आणि बालकिशन दास यांच्यातील हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६३ च्या जानेवारीत निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की विसाराचे हजार रुपये ठेवून घेणे योग्य. पण उरलेले २४ हजार जप्त करणे हा दंड झाला, आणि १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याला वाजवी नुकसानभरपाईच मिळू शकते, लेखात लिहिलेला दंड जसाच्या तसा नव्हे. राहिल्या दिवसांचा मोबदला अर्थात मोजावा लागतो. याखेरीज विकणाऱ्याच्या दोषाने व्यवहार मोडला तर दिलेल्या किमतीपुरता त्या घरावरच घेणाऱ्याचा बोजा राहतो, असे मालमत्ता कायद्याचे ५५ वे कलम सांगते.

आता जाता जाता मुख्तारनाम्याविषयी दोन शब्द. दिल्लीत आणि आसपास वर्षानुवर्षे घरे 'मुख्तारनाम्यावर' विकली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लँप कंपनीच्या प्रकरणात निःसंदिग्ध सांगितले की कुलमुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र या त्रिकुटाने मालकी जात नाही. दिल्लीच्या अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांसाठी २०१९ साली संसदेने निराळा कायदा करून या कागदांना काही मान्यता दिली. पण तो त्या वसाहतींपुरता. इतरांनी मुख्तारनाम्याला मालकीचा कागद समजू नये. विकणारी एखादी सरकारी संस्था असेल, म्हणजे भाडेखरेदी पद्धतीने घर मिळाले असेल, तर शेवटच्या हप्त्यापर्यंत मालक ती संस्थाच. आणि तेथे १९७१ च्या सार्वजनिक जागांच्या कायद्याने काढण्याची कारवाई होते. नोटीस मिळते, म्हणणे मांडता येते, आणि जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करण्यास अवघे बारा दिवस असतात.

असो. आमच्या कहाणीकडे वळू.

वकीलसाहेबांनी विचारले, "हे भाडे नसून किंमत आहे, असे दाखविणारे काय काय तुमच्यापाशी आहे?" आम्ही घरी येऊन कपाटे उपसली. सर्व हप्ते धनादेशाने दिले होते. त्यांच्या नोंदी बँकेत होत्या. पण धनादेश तर भाड्याचाही असू शकतो. मग सौभाग्यवतींनी एक जाडजूड लिफाफा काढला. दर महिन्याची पावती त्या बाऊजींकडून सही करून घेत आणि तिच्यावर 'फ्लॅटच्या किमतीपैकी हप्ता क्रमांक अमुक' असे हिंदीत स्वतः लिहीत. आम्ही या सवयीची थट्टा करीत असू. त्या शाळेत शिक्षिका आहेत. हजेरीपटाची सवय घरातही सुटत नाही, असे आमचे म्हणणे. त्या चौतीस पावत्यांनी आमची थट्टा कायमची बंद केली.

दुसरा कागद आमच्या कचेरीतून निघाला. केंद्र सरकारच्या नोकराने स्थावर घेतले तर १९६४ च्या वर्तणूक नियमांतील अठराव्या नियमाप्रमाणे वरिष्ठांना आधी कळवावे लागते. आम्ही २०१० च्या मार्चमध्ये तसे पत्र दिले होते. किंमत, हप्ते, विकणाऱ्याचे नाव, सर्व त्यात होते, आणि दरवर्षीच्या स्थावर मालमत्तेच्या विवरणातही ते घर दाखविलेले होते. या विवरणांना आपण नोकरीतला एक त्रास समजतो. त्या त्रासानेच, कोणताही वाद उद्भवण्यापूर्वीचा, तारखेचा आणि शिक्क्याचा पुरावा आम्हांस दिला.

तिसरी गोष्ट जी नव्हती तिनेही आम्हांस तारले. एका सहकाऱ्याने मागे सल्ला दिला होता, की बाऊजींकडून भाड्याच्या पावत्या घ्या, प्राप्तिकरात घरभाड्याची सूट मिळेल. आम्ही तो मानला नाही. प्रामाणिकपणाने म्हणावे तर अर्धा प्रामाणिकपणा आणि अर्धा आळस. त्या पावत्या घेतल्या असत्या तर आपण भाडेकरू असल्याचे आम्हीच स्वहस्ते लिहून दिले असते, आणि मग जगातला कोणताही वकील आमच्या उपयोगी पडला नसता.

आमच्या वकिलांनी नोटिशीला उत्तर दिले. व्यवहार विक्रीचा आहे, उरलेले साडेसहा लाख रुपये आज एकरकमी देण्यास आमचे अशील तयार आहेत, खरेदीखत करून द्यावे, असा त्याचा आशय. दरमहा हप्ताही आम्ही थांबविला नाही. चिरंजीव घेईनात तेव्हा तो मनीऑर्डरने माताजींच्या, म्हणजे बाऊजींच्या पत्नीच्या नावे पाठविला. त्या परत आलेल्या मनीऑर्डरीही आम्ही जपून ठेवल्या. तयारी ही मनात असून भागत नाही, ती कागदावर दिसावी लागते.

मे महिन्यात चिरंजीव समक्ष आले. गृहस्थ वाईट नव्हते. तीन वर्षांत घरांच्या किमती चढल्या होत्या, आणि वडिलांनी घर स्वस्तात दिले असे त्यांच्या मनाने घेतले होते. बोलणे चढत चालले. तेवढ्यात माताजी आतून बाऊजींची रोजनिशी घेऊन आल्या. दर महिन्याच्या पाच तारखेच्या पानावर आमचे नाव, रक्कम, आणि पुढे किती हप्ते राहिले तो आकडा बाऊजींनी आपल्या उर्दू अक्षरांत लिहिलेला होता. माताजींनी तो मुलाला वाचून दाखविला आणि म्हणाल्या, "बेटा, तेरे बाऊजी किराया नहीं गिनते थे, बाक़ी गिनते थे." खोलीत कोणी काही बोलले नाही.

पुढे तडजोड झाली. साडेसहा लाख आणि त्यावर दोन लाख रुपये अधिक आम्ही दिले. ते दोन लाख देणे कायद्याने आमच्यावर नव्हते. पण दाव्यात जाणारी वर्षे आणि घरातील झोप यांची किंमत आम्ही त्याहून जास्त धरली. भाडेपट्ट्याची जमीन तोवर मालकी हक्कात बदलून झाली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये सर्व वारसांच्या सह्यांनी खरेदीखत नोंदले गेले. मुद्रांकशुल्क अर्थात सगळे भरावे लागले. वाचविलेले पैसे असे चुकते झाले.

या अनुभवातून जे शिकलो ते येथील तरुण जोडप्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताबा आणि हप्ते असतील तर लेख नोंदवूनच घ्यावा. तेथे केलेली बचत ही बचत नव्हे. लेखावर पतिपत्नी दोघांची नावे असावीत, आणि विकणाऱ्याच्या बाजूने त्याच्या पत्नीची व सज्ञान मुलांची साक्षीदार म्हणून सही घ्यावी, म्हणजे पुढे 'आम्हांस ठाऊक नव्हते' असे कोणास म्हणता येत नाही. हप्ता चुकल्यास किती दिवसांची नोटीस आणि किती सवलत, हे आधीच लिहून घ्यावे. प्रत्येक पावतीवर रक्कम कशापोटी हे लिहावे. आणि बदली झाली तर घर वाऱ्यावर सोडू नये. प्रत्यक्ष ताब्यात जो असेल त्याच्या हक्काची नव्या खरेदीदाराला जाणीव आहे असे कायदा धरतो. म्हणून आपण त्या घरात असणे हीच जगाला दिलेली मोठी सूचना असते.

शेवटी एक विनंती मंडळाला. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले त्यांनी गणपती बसविला, वाचनालय चालविले, मुलांसाठी मराठीचे वर्ग काढले. परप्रांतात आलेल्या माणसाला गावाकडचा मामा मिळावा, हाच त्यामागचा हेतू असला पाहिजे. घराचा कागद करण्यापूर्वी नव्या माणसाने मंडळात यावे, आणि येथील सभासद असलेल्या वकील, निवृत्त अधिकारी, अभियंता मंडळींपैकी कोणीतरी तो कागद तासभर वाचून पाहावा, एवढी सोय झाली तर फार मोठे काम होईल. महिन्यातला एक रविवार त्यासाठी पुरेल. त्या रविवारी चहा आमच्याकडून.

आम्ही त्या घरात अजून राहतो. पाडव्याला गुढी त्याच गॅलरीत उभी राहते. माताजी आता नाहीत. पण त्यांचे चिरंजीव दिल्लीस आले म्हणजे भेटून जातात, आणि बाऊजी ज्या खुर्चीत बसून पावतीवर सही करीत त्याच खुर्चीत बसतात. ती खुर्ची खरेदीखताच्या यादीत नव्हती. ती त्यांनी आम्हांस तशीच दिली.